मावशींना शिकवायचं कसं, आणि शिकवून त्या निघून गेल्या तर?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सोलापुरात होटगी रोडला तुमचं ज्येष्ठांचं निवासी शुश्रूषा केंद्र आहे. ३० खाटा, २२ कर्मचारी, त्यांतल्या बहुतेक मावशी. रुग्णांपैकी ९ जण पूर्ण अंथरुणाला खिळलेले. रात्री दोघीच असतात, एक खाली आणि एक वर. वर्षातून दोनदा तुम्ही डॉक्टरांचं व्याख्यान ठेवता, शेवटी प्रमाणपत्रं वाटता. तरी पाठीला जखमा होतात, भरवताना ठसके लागतात, आणि ज्या दोन मुली खरोखर तयार झाल्या त्या पुण्याला गेल्या. आता विश्वस्त म्हणतात, प्रशिक्षणाचा खर्चच बंद करा. तो करावा का, आणि नाही तर पुढे कसं करावं, असं तुम्ही विचारलंय.

व्याख्यानांचा खर्च थांबवायला माझी काहीच हरकत नाही. पण त्याने प्रशिक्षण बंद पडेल अशी काळजी करू नका, कारण ते तुमच्याकडे अजून सुरूच झालेलं नाही. मी आधी वॉर्डात सिस्टर होते, नंतर सोलापुरातल्या आणि आसपासच्या शुश्रूषा केंद्रांत मावशी-मामांना शिकवायचं काम करत आले. त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

काहीही शिकवायला घेण्याआधी एक गोष्ट तपासायची: मावशींना हे काम माहीतच नाही, की माहीत असून करायला जागा, वेळ, माणूस नाही? ही तपासणी न करता शिकवायला बसलं की मावशी मान डोलावतात, आपण खूश होतो, आणि रात्री तेच चालू राहतं.

तुमच्या जखमांचंच घ्या. दर दोन तासांनी कूस बदलायची हे तुमच्या प्रत्येक मावशीला पाठ असणार. मी कुठल्याही केंद्रात गेले की आधी रुग्णाच्या पायथ्याशी अडकवलेला कूस बदलल्याचा तक्ता बघते. रात्रीचे १०, १२, २, ४ अशा चारही नोंदी एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात, एका दमात भरलेल्या दिसल्या की समजायचं, तक्ता पहाटे साडेपाचला चहाच्या आधी भरला गेलाय. त्यावर मावशींना उभं-आडवं घेतलं जातं. पण पासष्ट-सत्तर किलोचा, अर्धांगवायूचा रुग्ण एकटी बाई कशी फिरवणार? तिने एकदा प्रयत्न केलेला असतो, कमरेत उसण भरलेली असते, आणि रुग्णाचा खांदा ओढला गेल्याने तो ओरडलेला असतो. मग ती फिरवल्यासारखं करते, उशी जरा सरकवते. मी तक्त्याबद्दल विचारल्यावर एकीने सरळ सांगितलं होतं, "एकटीनं कसं फिरवायचं ओ मॅडम? तुम्ही रात्री येऊन बघा की." तिचं म्हणणं रास्त होतं.

हा प्रश्न शिकवून सुटत नाही, पाळी बदलून सुटतो. रात्री तिसरी मावशी मिळत नसेल तर दोघींनी मिळून फेरी करायची. आधी खालचा मजला, मग वरचा, आणि मोकळ्या राहिलेल्या मजल्यावर जाग्या रुग्णाच्या हाताशी बिनतारी घंटी. नऊ जण आहेत, दोघी असल्या तर एकाला ओलं कापड बदलण्यासकट सात-आठ मिनिटं लागतात. म्हणजे फेरीला तास-सव्वा तास. दोन तासांच्या चक्रात ते बसतं, पण इतर रुग्णांना लघवीला न्यायला, पाणी द्यायला फार थोडा वेळ उरतो. म्हणून हवेची गादी कुणाला आहे, कोण स्वतः थोडं हलू शकतो, कुणाचं अंतर वाढवता येईल, हे डॉक्टरांकडून रुग्णागणिक लिहून घ्या. सरसकट दोन तास लिहिलं की तक्ता खोटा भरला जाणारच.

एवढी सोय झाली की मग शिकवण्याला अर्थ येतो, आणि इथे शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. कूस बदलायची म्हणजे रुग्णाला पूर्ण कुशीवर, कमरेच्या हाडावर झोपवायचं नाही. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश तिरपं करायचं, म्हणजे भार माकडहाडावरही येत नाही आणि कुल्ह्याच्या हाडावरही नाही. टाचा गादीला टेकवायच्या नाहीत, पोटरीखाली उशी घेऊन अधांतरी ठेवायच्या. फिरवताना रुग्णाला ओढायचं नाही, अंगाखालच्या आडव्या सुती चादरीला दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलून सरकवायचं. कातडी घासली जाण्याने जेवढं नुकसान होतं तेवढं नुसत्या दाबाने कधीकधी होत नाही.

आणि एक खास आपल्याकडचं. नातेवाईक प्रेमाने घरची सोलापुरी चादर आणतात, मावशी ती मानाने अंगाखाली अंथरतात. जाड विणीची चादर पांघरायला उत्तम, पण खिळलेल्या रुग्णाच्या पाठीखाली नको. तिची एखादी सुरकुती माकडहाडाखाली आली तरी पुरते. नातेवाईकांना वाईट वाटू न देता ती अंगावर घालायची, हे बोलायचं कसं तेही मावशींना शिकवावं लागतं.

जुन्या मावशींकडून काही गोष्टी सोडवून घ्याव्या लागतील, आणि हे नवीन शिकवण्यापेक्षा अवघड जातं. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट लावून चोळायचं, वर पावडर टाकायची, हे एके काळी नर्सिंगमध्येच शिकवत. ज्यांनी ते वीस वर्षं मनोभावे केलंय त्यांना "चुकीचं आहे" म्हटलं की त्या दुखावतात. लाल जागा चोळल्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते, म्हणून आता चोळत नाहीत, हे कारणासकट सांगायचं. तेच मधे भोक असलेल्या रबरी रिंगचं. ती मधला भार कमी करते असं वाटतं, पण कडेने रक्तपुरवठा दाबते. लाल जागा दिसली तर बोटाने दाबून बघायचं: बोट काढल्यावर पांढरट होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक, दाबूनही लालच राहिली तर जखमेची ती पहिली पायरी आहे, सिस्टरला लगेच सांगायचं. सावळ्या कातडीवर हा रंगबदल नीट दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने गरम लागतंय का, आजूबाजूपेक्षा घट्ट किंवा पिचपिचीत लागतंय का, आजी तिथे हात लावू देत नाहीत का, हे बघायचं. पुस्तकातल्या गोऱ्या पाठीचे फोटो दाखवून आपल्या मावशींना हे कधीच कळणार नाही. तुमच्याच रुग्णाच्या पाठीशी उभं राहून, त्यांची परवानगी घेऊन, मावशीचा हात तिथे ठेवूनच कळेल.

हात धुण्याचीही हीच गत. साबणाने ४० ते ६० सेकंद धुवा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची चित्रं भिंतीवर लावलेली असतात आणि खाली बेसिनचा नळ कोरडा असतो. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येणं कुणाला नवीन नाही. अशा वेळी पिंपात मग बुडवून एका हाताने दुसरा हात धुतला जातो. तिथे व्याख्यान कशाला? प्रत्येक मजल्यावर तोटीचं पिंप, साबण आणि खाटेच्या पायथ्याशी हाताला चोळायचं सॅनिटायझर, एवढं आधी करा. सॅनिटायझरला २० ते ३० सेकंद पुरतात, फक्त हाताला घाण लागलेली असेल तर साबण-पाणीच हवं.

आता शिकवायचं कुठे आणि कुणी. तुमच्या मावशी कोण आहेत ते बघा. बऱ्याच जणी शहराच्या पूर्व भागातल्या किंवा कुंभारीकडच्या विडी कामगारांच्या घरकुलांतल्या असतील. कुणी स्वतः विड्या वळल्यात, कुणाच्या आईने वळल्या, कुणी टॉवेलच्या कारखान्यात शिलाई नाहीतर घडी-पॅकिंग केलंय. घरी तेलुगू, कन्नड, दखनी. यांच्यापैकी एकही बाई आपलं पहिलं काम व्याख्यान ऐकून शिकलेली नाही. आईशेजारी मांडीवर सूप घेऊन बसायचं, तिच्या बोटांकडे बघायचं, पान कसं कापलं, तंबाखू किती घेतला, दोरा कसा मारला, आणि आपली विडी तिच्या विडीशेजारी ठेवून बघायची. हातावर नजर ठेवून शिकायची त्यांची सवय तुमच्या-माझ्यापेक्षा पक्की आहे. तिला खुर्चीत बसवून पडद्यावर अक्षरं दाखवणं म्हणजे तिची ती ताकद वाया घालवणं.

म्हणून खाटेपाशी शिकवा, पाळी बदलताना, दहा मिनिटं. आठवडाभर एकच विषय, आणि तो तिन्ही पाळ्यांना. रात्रपाळीच्या मावशी सगळ्या प्रशिक्षणांतून सुटतात, कारण कार्यक्रम सकाळी अकराला असतो आणि त्या तेव्हा घरी झोपलेल्या असतात. नाहीतर झोपमोड करून बोलावल्या जातात आणि मागच्या रांगेत पेंगतात. जखमा आणि पडणं तर रात्रीही होतं. दहा मिनिटं, तीन पाळ्या, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला तीन तास. विश्वस्तांना हा हिशेब दाखवा. हॉल, मंडप, पाहुण्यांची शाल यांत गेलेले पैसे यापेक्षा जास्त असतील. मात्र ही दहा मिनिटं ड्यूटीच्या वेळेत धरायची. ड्यूटी संपल्यावर थांबवून शिकवलंत तर तिचं लक्ष घड्याळाकडे आणि शेवटच्या बसकडे असतं.

भरवण्याचा विषय कसा घ्यायचा ते उदाहरणादाखल सांगते, म्हणजे पद्धत लक्षात येईल. सगळ्याजणी उभ्या असतील तर त्यांना हनुवटी छताकडे करून आवंढा गिळायला सांगा. मग हनुवटी किंचित खाली घेऊन गिळायला सांगा. फरक त्यांच्याच घशाला कळतो, पुढे फार बोलावं लागत नाही. आता खुर्चीवर एकीला बसवा आणि दुसरीने उभं राहून, वरून, भरभर चमचे भरवायचे. बसलेलीची मान आपोआप वर जाते. सगळ्या हसतात, कारण रोज आपण आजोबांना असंच भरवतो हे प्रत्येकीच्या लक्षात येतं. मग भरवणारीने समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं. छोटा चमचा, आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही, बोलणं हळू. पाठ सरळ, जमेल तेवढं ताठ. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. नळीतून अन्न जात असेल तरी डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवीच, ते सपाट पडलेल्या रुग्णाला कधीही द्यायचं नाही. आणि शेंगा चटणी! अर्धांगवायूच्या रुग्णाला घरून डबा येतो, कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी. कोरडी पूड घशात उडते आणि ठसका लागतो. चटणी दह्यात कालवून, भाकरी आमटीत पूर्ण मऊ करून, तेही गिळणं तपासलेलं असेल तरच. तोडायचं काहीच नाही, चव तीच ठेवून रूप बदलायचं. सत्तर वर्षं जे खाल्लं ते बंद केलं की माणूस जेवणच सोडतो.

त्यानंतर प्रत्येकीने एकेका रुग्णाला भरवून दाखवायचं, आणि पुढच्या आठवड्यात तिनेच नव्या मुलीला शिकवायचं. शिकवायची वेळ आली की तिच्या स्वतःच्या त्रुटी तिला दिसतात.

शिकवणारी कोण? सिस्टर असेल तर उत्तम, पण तुमच्याकडे तिला औषधांतूनच उसंत नसणार. तुमच्या मावशींमधून एक-दोघी निवडा. सगळ्यांत जास्त बोलणारी निवडू नका. जिच्या रुग्णांची नखं कापलेली असतात, जिभेवर पांढरा थर नसतो, जिची खाट वास मारत नाही, ती निवडा. तिला या कामाचा वेगळा भत्ता द्या आणि नवी मुलगी तिच्याबरोबर असेल तेव्हा तिचे रुग्ण कमी करा. नाहीतर नवीन मुलगी म्हणजे बादल्या उचलायला मिळालेला फुकटचा हात, एवढंच होतं. नवीन मुलीला पहिले काही दिवस एकटीने रुग्ण द्यायचाच नाही. एक साधं कार्ड करा: तोंड स्वच्छ करणं, स्पंजिंग, कूस, भरवणं, खाटेवरून खुर्चीवर, लघवीची पिशवी. प्रत्येक काम करून दाखवलं की मावशीची सही. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता, एवढं साधं वाक्यही करून दाखवल्याशिवाय सही नाही.

डॉक्टरांना बोलवूच नका असं मी म्हणत नाही. त्यांना हॉलमध्ये उभं करण्याऐवजी वीस मिनिटं फेरीला घ्या, तीन रुग्णांपाशी. फिजिओथेरपिस्टलाही तसंच एकदा बोलवा, रुग्णाला उचलताना कंबर कशी सांभाळायची आणि व्हीलचेअरचे ब्रेक आधी का लावायचे यासाठी. मावशींच्या कमरा हा तुमच्या केंद्राचा सगळ्यांत मोठा ठेवा आहे आणि त्याची निगा कुणी राखत नाही. औषधांच्या चिठ्ठीवर बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज लागली तर) असलं लिहिणं मावशींच्या तक्त्यावर चालणार नाही. सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र, जेवणाआधी रिकामं ताट, जेवणानंतर भरलेलं. पाच मिनिटांत समजतं, कुठल्याही भाषेत. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणं, कॅथेटर घालणं ही कामं नोंदणीकृत नर्सचीच. "मावशीला जमतं" म्हणून करून घेऊ नका, जमत असलं तरी. प्रशिक्षणात काय करायचं याइतकंच काय करायचं नाही हे स्पष्ट असावं, कारण अडचणीच्या रात्री सगळा दोष तिच्यावरच येतो.

तातडीच्या गोष्टी दोनच घ्या, पण घोटून घ्या. मधुमेही रुग्ण अचानक घामेजला, थरथरला, चिडचिड करू लागला तर साखर तपासायची. ७० च्या खाली असेल आणि तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. दुसरी, पक्षाघात: तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड. इथे मावशीने घड्याळ बघून "शेवटचं नीट कधी बघितलं होतं" ती वेळ लिहायची. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि दवाखान्यात पहिला प्रश्न हाच विचारतात. "सकाळी असं दिसलं" एवढंच सांगता आलं तर उपचाराचा तो मार्ग बहुतेक वेळा बंद होतो. या दोन्हींची तालीम रात्री दोन-अडीचला एकदा घ्या. फोन कुठे आहे, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या कपाटात कुलूपबंद आहेत का, फाटकाची किल्ली कुणाकडे आहे, हे तालमीतच उघडं पडतं.

आता लपवाछपवीबद्दल. विडी कारखान्यात माल जमा करताना छाट निघते, तेवढी मजुरी जाते. तपासणी म्हणजे पैसे कापणं, हे ज्या घरांतून अंगात मुरलंय, तिथल्या बाईने आपणहून "आजी पडल्या" सांगावं अशी अपेक्षा ठेवायची तर आधी कापाकापी थांबवावी लागेल. एका ठिकाणी आजींच्या कपाळाला टेंगूळ होतं आणि मावशी शांतपणे म्हणाली, "पडल्या नाहीत, खाली बसल्या." त्या केंद्रात पडल्याची नोंद झाली की पाळीवरच्या बाईचे दोनशे रुपये जायचे. वहीत वर्षभर एकही पडणं नव्हतं. विश्वस्त फार समाधानी होते. तुमच्याकडे असा नियम असेल तर उद्याच काढा, आणि "थोडक्यात वाचलं" अशी एक वही ठेवा. फरशी ओली होती, आजोबा रात्री एकटेच उठले, दोघांची गोळी जवळजवळ अदलाबदल झाली. जिने नोंद केली तिला पाळी बदलताना सगळ्यांसमोर शाबासकी. तुमच्या पुढच्या चार-सहा महिन्यांचे विषय या वहीतूनच निघतील, बाहेरून अभ्यासक्रम विकत घ्यायची गरज नाही.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण ३० खाटांत काही असणारच. या आजारात बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची राहते. आयुष्यभर बाहेर मराठी बोललेले आजोबा संध्याकाळी तेलुगूत बोलू लागतात आणि मराठी मावशी नोंदवते, "रुग्ण बडबड करतो." त्याच पाळीवर एखादी पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातली मावशी असेल तर तिला विचारा. ते म्हणत असतात की गिरणीचा भोंगा झाला, माझी पाळी आहे, मला सोडा. त्यांना "गिरणी कधीच बंद पडली आजोबा" असं सांगितलं की ते बिथरतात, कारण त्यांच्या दृष्टीने तुम्ही त्यांची रोजी बुडवताय. मावशीने विचारायचं, "आज कुठल्या मागावर?" आणि त्यांच्या हाती घडी घालायला टॉवेलचा ढीग द्यायचा. गिरणीतला माणूस काठ जुळवून अशी घडी घालतो की बघत राहावं. हे कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. म्हणून दर रुग्णाचं एक पान करा: घरची भाषा, काय काम केलं, काय आवडतं, कशाने चिडतात. ते मावशीने नातेवाईकांना विचारून भरायचं. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवायचं. पाळ्या लावताना भाषेची सांगड घाला. सोलापुरात तुमच्याकडे चार भाषांच्या मावशी आहेत, ही पैसे न देता मिळालेली गोष्ट आहे.

एक विषय कुणी काढत नाही: पुरुष रुग्णांची, कधी नातेवाइकांची, मावशींशी वागणूक. आंघोळ घालताना हात लावणं, घाण बोलणं. काही वेळा आजारामुळे असतं, काही वेळा नसतं. "म्हातारं माणूस आहे, सोडून दे" म्हणून प्रकरण मिटवू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, आणि कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्यांपासूनही सुरक्षितता देणं ही मालकाची जबाबदारी आहे. अशा रुग्णाकडे दोघींनी मिळून जायचं की मामांनी, काय बोलायचं, कधी खोलीबाहेर पडायचं, हे शिकवायचं. बायका नोकरी सोडताना "घरी अडचण आहे" म्हणतात, त्यातल्या काही अडचणी तुमच्याच खोल्यांत असतात.

परिणाम मोजायचा कसा? डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या, त्या अजून वापरात आहेत: लोकांना आवडलं का, त्यांना कळलं का, कामात उतरलं का, आणि त्याचा परिणाम दिसला का. आपल्याकडे पहिल्या पायरीवर अभिप्रायाचा कागद भरून घेतात आणि तिथेच थांबतात. नाश्ता चांगला असला की अभिप्राय चांगलाच येतो. तुम्ही तिसरीपासून सुरू करा: विषय झाल्यानंतर साधारण महिन्याने, न सांगता, एका जेवणाच्या वेळी नुसतं उभं राहून बघा. कितीजणी बसून भरवतात? चौथीसाठी नवीन जखमा, पडणं, दर महिन्याचं वजन. ३० खाटांत टक्केवारी काढून काही कळत नाही, प्रत्येक नवीन जखमेची कहाणी स्वतंत्र बघा: कुठे झाली, कधी दिसली, कुणाला सांगितलं, पुढे काय केलं.

राहता राहिल्या पुण्याला गेलेल्या मुली. जाणारच. पुण्यात पगार जास्त आहे आणि ती तरुण आहे. बाँड लिहून घेणं, मूळ प्रमाणपत्रं अडकवणं असलं काही करू नका. त्याने जाणारी थांबत नाही, येणारी मात्र येत नाही. तुमचा भर चाळिशीच्या आसपासच्या, संसार सोलापुरात असलेल्या बायकांवर हवा. त्या पाचशे रुपयांसाठी सहसा सोडत नाहीत. त्या सोडतात कारण पाळी रात्री आठला संपते आणि घरी जायला रिक्षा परवडत नाही, किंवा मुलाच्या परीक्षेत रात्रपाळी बदलून मिळाली नाही. पाळी सातला संपवा, बघा किती थांबतात. आणि शिकण्याला पगार जोडा: कार्ड पूर्ण झालं की एक वाढ, शिकवू लागली की दुसरी. जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णांच्या मदतनिसाचा, सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहे. ज्यांना काम येतं पण कागद नाही त्यांच्यासाठी आधीच्या कौशल्याला मान्यता देण्याची सोयही त्या व्यवस्थेत आहे. तुमच्या दोन-तीन जुन्या मावशींना त्यासाठी पाठवा, फी तुम्ही भरा. दहावी झालेली नाही म्हणून जिला आयुष्यभर कुणी कागद दिला नाही, तिच्यासाठी तो मोठा असतो. ज्या जातील त्यांना नीट अनुभवपत्र द्या. त्यांतली एखादी दोन वर्षांनी लग्न होऊन परत सोलापुरात येते आणि पहिला फोन तुम्हालाच करते.

विश्वस्तांपुढे जाताना तीन मागण्या घेऊन जा: रात्री तिसरी मावशी, शिकवणाऱ्या दोघींचा भत्ता, आणि तोटीची पिंपं. तिन्ही मिळत नसतील तर भत्ता मागे ठेवा आणि तिसरी मावशी आधी मागा. जानेवारीत नवीन काही सुरू करू नका, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत निम्म्या जणी रजेवर असतात आणि उरलेल्यांवर दुप्पट ताण. फेब्रुवारीत कूस आणि जखमा घ्या, मार्चमध्ये भरवणं. एप्रिल लागायच्या आत पाणी पाजण्याचा विषय झालेला हवा, कारण म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही आणि सोलापूरचा पारा तोवर चाळिशीकडे झुकलेला असतो. लघवीचा रंग बघून पाणी वाढवायला शिकवा, आणि हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पाणी मोजून द्यायचंय त्यांच्या खाटेला वेगळी खूण लावा.